संपादकात (टेक्स्ट एडिटरमध्ये) असमान रुंदीचे टॅब-स्टॉप (टॅब दाबल्यावर कर्सर जिथे थांबतो त्या जागा) हवेत: मागणीचा मसुदा वाचून मतं द्या

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं संगणकाचं काम बघतो. हळदीच्या हंगामात रोजचे सौदे आम्ही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवतो. एका लॉटला एक ओळ. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. दोन रकान्यांच्या मध्ये एकच टॅब. संध्याकाळी एक छोटी पायथन स्क्रिप्ट ही फाइल वाचते आणि पट्ट्या (शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पावत्या) छापते. ही पद्धत बसलेली आहे, ती बदलायची नाही. 'एक्सेल घ्या की' म्हणणाऱ्यांना आधीच हात जोडतो.

अडचण फाइल वाचताना येते. पट्ट्या निघण्याआधी दिवाणजी स्क्रीनवर सगळ्या ओळींवरून नजर फिरवतात. ते सत्तरीच्या आसपासचे आहेत आणि त्यांची नजर रकान्यातून वरून खाली जाते. वजनाचा रकाना सरळ असेल तर चुकलेला आकडा त्यांना क्षणात दिसतो. पण टॅबची रुंदी ८ ठेवली की आडनाव लांब असलेल्या ओळी पुढे सरकतात आणि सगळा तक्ता वेडावाकडा होतो. ती २४ केली तर नावं नीट बसतात, पण 'पोती' या दोन आकडी रकान्यालाही २४ जागा मिळतात आणि हमाली-तोलाई स्क्रीनच्या बाहेर जातात.

म्हणून आम्ही वापरतो त्या मुक्तस्रोत संपादकाच्या लोकांकडे पुढची मागणी टाकणार आहे. मसुदा असा:

"टॅबची रुंदी या सेटिंगमध्ये आज एकच आकडा देता येतो. तिथे आकड्यांची यादी देता यावी. उदा. २४, १६, ६, १०, १०, ८. पहिला रकाना २४, दुसरा १६, याप्रमाणे. यादी संपल्यावर शेवटचा आकडा पुढे चालू राहावा. फाइलमधलं एकही अक्षर बदलू नये, फक्त दिसणं बदलावं."

एवढं पुरेल का? आणि हे आधीच कुठे असेल तर सांगा, म्हणजे मागणीचा खटाटोप वाचेल.

बायनरी_भडंग

एक्सेल घ्या की. (कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.)

चेष्टा सोडा. दिवाणजींनी फक्त बघायचंच आहे ना? मग बघण्यापुरती फाइल एक्सेलसारख्या लिबरऑफिसमध्ये उघडायची आणि न साठवता बंद करायची.

कृष्णाकाठ

भावा, 'न साठवता बंद' हे दुकानात चालत नाही. चूक दिसली की माणूस तिथेच दुरुस्त करतो आणि सेव्ह दाबतो. मग एखादा क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर ती शून्यं गळतात. आयात करताना प्रत्येक रकाना 'मजकूर' म्हणून निवडला तर हे टळतं, पण ते रोज कोण करणार? शिवाय या फाइली गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहेत. काल कुठल्या ओळीत काय बदललं ते मला ओळ-ओळ बघता येतं. एखाद्या शेतकऱ्यानं पट्टीवर हरकत घेतली की त्याचाच आधार असतो.

शून्यावकाश

तुम्ही मागताय ते जसंच्या तसं व्हिम नावाच्या संपादकात आहे. 'व्हारटॅबस्टॉप' नावाचा पर्याय, थोडक्यात 'व्हीटीएस'. २०१८ मध्ये, ८.१ आवृत्तीच्या पॅचमधून आला. आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये घ्या:

सेट व्हीटीएस=२४,१६,६,१०,१०,८

यादीतला शेवटचा आकडा पुढच्या सगळ्या टॅबना लागू होतो, म्हणजे तुमच्या मसुद्यातलं वाक्यच. हा पर्याय भरलेला असला की साधा 'टॅबस्टॉप' गुंडाळून ठेवला जातो. तो उघडलेल्या फाइलपुरता असल्यामुळे फाइलच्या शेवटी मोडलाइन (व्हिमला सेटिंग सांगणारी ओळ) लिहून प्रत्येक फाइलला तिची यादी देता येते. टॅब दाबल्यावर स्पेस भरायच्या असतील तर 'व्हारसॉफ्टटॅबस्टॉप' हा जोडीदार आहेच.

इथे बरेच जण घोटाळा करतात ते सांगतो. व्हिममध्ये यादी रुंदीची असते. लिनक्सच्या 'एक्स्पांड' (टॅबच्या जागी स्पेस भरणाऱ्या) आज्ञेत, उणे टी लिहून जी यादी देतात, ती डावीकडून मोजलेल्या जागांची असते. म्हणजे व्हिममधलं २४,१६,६ हे एक्स्पांडमध्ये २४,४०,४६ होतं. मागणीत यांपैकी काय हवं ते स्पष्ट लिहा.

इमॅक्स या दुसऱ्या संपादकातही 'टॅब-स्टॉप-लिस्ट' आहे आणि ती जागांची यादी आहे. पण ती कर्सर पुढच्या थांब्यावर न्यायला वापरतात. फाइलमध्ये आधीपासून असलेला टॅब किती रुंद दिसावा हे ती ठरवत नाही. त्यामुळे तुमच्या कामाची नाही.

कृष्णाकाठ

धन्यवाद. हे माहीत नव्हतं. घरच्या लॅपटॉपवर करून बघितलं. इंग्रजी मजकुरावर झकास चालतं. देवनागरीवर मात्र रकाना पुन्हा नागमोडी. दिवाणजींना व्हिम शिकवायचा प्रश्न तर वेगळाच.

अजिंक्यतारा

खरी अडचण इथे आहे आणि मसुद्यात ती आलेलीच नाही. जरा लांब लिहितो.

व्हिम काय किंवा टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) काय, दोघांच्याही डोळ्यांसमोर चौकटींचा कागद असतो. एक अक्षर, एक चौकट. चिनी-जपानी अक्षर असेल तर दोन चौकटी. इंग्रजीला हे पुरतं. देवनागरीला पुरत नाही, कारण आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) एक चिन्ह नसतं आणि पडद्यावर त्याची रुंदीही ठरलेली नसते.

तुमच्याच भागातली दोन गावं घ्या. म्हैसाळ आणि कवलापूर. युनिकोडच्या हिशेबानं दोघांत सात-सात चिन्हं आहेत. म्हैसाळ म्हणजे म, हलन्त, ह, दोन मात्रा (हे एकच चिन्ह), स, काना, ळ. कवलापूर म्हणजे क, व, ल, काना, प, दीर्घ उकार, र. पायथनला लांबी विचारा, दोन्हीकडे ७ सांगेल. बारा जागांत डावीकडे बसवा म्हटलं तर दोघांपुढे पाच-पाच स्पेस भरेल. पडद्यावर मात्र म्हैसाळ तीन अक्षरी आणि कवलापूर पाच अक्षरी. रकाना सरळ येणार कसा?

सी भाषेतला मजकूर छापणारा प्रिंटएफ तर याच्याही पुढचा, तो बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. म्हणजे 'हळद' ९ आणि 'बेदाणा' १८. टर्मिनलांमध्ये उकार आणि हलन्त यांना शून्य चौकटी देतात, पण काना आणि वेलांटीला कुणी एक देतो, कुणी शून्य. प्रत्येक प्रोग्रामचा हिशेब वेगळा.

म्हणून 'रुंदी २४ अक्षरं' असं मागितलंत तर तुमचा संपादक उद्या यादी देईलही, पण ती मोजेल चिन्हांमध्ये आणि तुमचा तक्ता आज आहे तसाच राहील. टॅब-स्टॉप ही ओळीवरची एक जागा आहे, डाव्या कडेपासून अमुक अंतरावर. अंतर पिक्सेलमध्ये मोजलं तर डावीकडे म्हैसाळ असो की कवलापूर, पुढचा आकडा एकाच उभ्या रेषेत सुरू होतो. चिन्हं मोजायचीच नाहीत.

कंदीपेढा

समान रुंदीचा फॉन्ट घेऊन टॅबच्या जागी स्पेस टाकल्या तर? आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.

अजिंक्यतारा

तुमच्या ऑफिसात कोड इंग्रजीत आहे म्हणून जमतं. बहुतेक कोडिंग फॉन्टांमध्ये देवनागरी नसतेच. संपादक ती दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणतो आणि त्या फॉन्टात 'र' अरुंद तर 'क्ष' रुंद असतो. स्पेसनं रेघ जुळवायची तर जोडाक्षरासह प्रत्येक अक्षर एकाच रुंदीच्या पटीत बसायला हवं. 'र्‍हस्व' आणि 'कार्त्स्न्य' एका मापात बसवून दाखवा, मग बोलू.

टंकनताई

मी साताऱ्यात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते. अजिंक्यतारा, मापात बसवून दाखवते!

मराठी टाइपरायटरवर देवनागरी समान रुंदीचीच होती. कॅरेज प्रत्येक ठोक्याला तेवढीच सरकायची. मात्रा आणि उकाराच्या कळा 'डेड की' असायच्या, म्हणजे ठसा उमटायचा पण कॅरेज हलायची नाही. ण, श, ग ही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत काढायची. दिसायला अक्षर थोडं ताणल्यासारखं व्हायचं, पण मोजणी पक्की. म्हणून आमच्याकडे स्टेटमेंट करता यायचं.

आताच्या मुलांना स्टेटमेंट म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून लिहिते. परीक्षेत एक तक्ता यायचा. आधी प्रत्येक रकान्यातली सर्वांत लांब नोंद शोधायची आणि तिचे ठोके मोजायचे. दोन रकान्यांमध्ये किती जागा सोडायची ते ठरवायचं. सगळ्याची बेरीज ओळीच्या एकूण ठोक्यांतून वजा करायची, उरलेल्याचे दोन भाग, तो डावा समास. मग मशीनवर कॅरेज एकेका जागेवर नेऊन 'टॅब सेट' दाबायचं. आधीच्या तक्त्याचे टॅब 'टॅब क्लिअर'नं पुसायचे, ते विसरलं की पुढचा अख्खा तक्ता गेला. त्यानंतर फक्त टॅबची कळ दाबायची, कॅरेज खाडकन पुढच्या थांब्यावर. काही ऑफिस मशीनवर दशांशासाठी वेगळ्या कळा असायच्या, एकम, दशम, शतम. रुपयांचे आकडे उजवीकडून जुळवायला.

तेव्हा रकाने असमान असणं हीच रीत होती. सगळे टॅब सारख्या अंतरावर ठेवणारी मुलगी आमच्याकडे नापास झाली असती. गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, परीक्षाही आता संगणकावर होते. पण साध्या टाइपरायटरला जमायचं ते तुमच्या संपादकाला मागून घ्यावं लागतंय, याचं नवल वाटतं.

बायनरी_भडंग

ताई, हे भारी आहे. आमच्या वडिलांनी मराठी ३० आणि ४० दोन्ही केलंय, त्यांना वाचून दाखवतो.

मोगली_डॉस

ताईंच्या मुद्द्याला पुरवणी. टर्मिनललाही हे जमायचं. व्हीटी१०० टर्मिनलमध्ये 'एस्केप एच' पाठवलं की कर्सर असेल तिथे टॅब-स्टॉप बसायचा. आजच्या टर्मिनल प्रोग्रामांतही ते चालतं. लिनक्सवर 'टॅब्ज' नावाची आज्ञाच आहे त्यासाठी.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या दुकानात पट्ट्या डॉट मॅट्रिक्सवरच छापत असाल ना? एप्सनच्या ईएससी-पी भाषेत 'एस्केप डी' म्हणून आज्ञा आहे. तिच्यापुढे रकान्यांच्या जागा ओळीनं द्यायच्या आणि शेवटी शून्य बाइट. ३२ टॅब-स्टॉपपर्यंत देता येतात. काही न सांगितलं तर दर ८ अक्षरांवर. म्हणजे कोपऱ्यातल्या त्या कर्कश प्रिंटरला असमान टॅब कळतात आणि समोरच्या संपादकाला कळत नाहीत.

शून्यावकाश

आठ-आठचा हट्ट बहुधा सोयीमुळे टिकला. एकच आकडा साठवायला सोपा. वेबपानांच्या सीएसएसमध्येही 'टॅब-साइझ'ला एकच मूल्य देता येतं आणि न दिलं तर ८. एडिटरकॉन्फिगमध्ये (संपादकांची सेटिंगं ठेवणाऱ्या फाइलीत) 'टॅब-विड्थ' हा एकच पूर्णांक. त्यामुळे तुमची यादी साठवायची कुठे, हा प्रश्न मागणीत येणारच. उत्तर तयार ठेवा.

रेषाळ

यादी कशाला हवी? निक ग्रॅव्हगार्ड यांनी २००६ मध्ये 'इलॅस्टिक टॅबस्टॉप' मांडले. त्यात रुंदी कुणी सांगायचीच नसते. लागोपाठच्या ओळींमध्ये एकाखाली एक येणारे रकाने संपादक एक गट धरतो आणि गटातल्या सर्वांत लांब नोंदीएवढी त्या रकान्याची रुंदी ठेवतो. ताईंचं स्टेटमेंटच, फक्त मोजणी संगणक करतो, तीही प्रत्येक कळ दाबल्यावर. नवं लांब नाव आलं की रकाना आपोआप फुगतो, पुसलं की आकसतो.

नोटपॅड++ या संपादकासाठी त्याचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) आहे. त्याच्या पोटातलं सिंटिला हे इंजिन प्रत्येक ओळीला वेगळे टॅब-स्टॉप देऊ देतं, तेही पिक्सेलमध्ये. म्हणजे अजिंक्यतारा म्हणतात ती अट तिथे पाळली जाते. गो या प्रोग्रामिंग भाषेतलं 'टॅबरायटर' पॅकेजही याच पद्धतीवर आहे आणि गोएफएमटी (कोड नीटनेटका मांडणारा प्रोग्राम) त्याचाच वापर करून कोडमधल्या टिप्पण्या रांगेत आणतं.

अजिंक्यतारा

टॅबरायटरचं उदाहरण आपल्याला उलटं पडतं. त्याच्या माहितीपानावरच लिहिलंय की सर्व युनिकोड चिन्हं सारख्या रुंदीची धरली आहेत आणि काही फॉन्टांत किंवा जोडचिन्हांच्या बाबतीत ते खरं नसेल. त्यांच्या बाजूनं ते बरोबर आहे. ते पॅकेज मजकूर बाहेर काढतं, तो कुठल्या फॉन्टात दिसणार हे त्याला माहीतच नसतं. संपादकाला मात्र फॉन्ट माहीत असतो, अक्षर पडद्यावर तोच रंगवतो. म्हणून हे काम संपादकानंच करायला हवं.

जाता जाता, व्हीएस कोड हा संपादक वापरणाऱ्यांसाठी: तिथे टॅब रंगवताना आधीची चिन्हं मोजून तेवढ्या मोकळ्या जागा भरतात. त्यामुळे टॅबच्या डावीकडे देवनागरी असली की साधे आठ-आठचे टॅबसुद्धा जुळत नाहीत. यादी दिली तरी तिथे उपयोग नाही, आधी मोजणी बदलायला हवी.

बायनरी_भडंग

रेषाळ, इलॅस्टिक कागदावर छान आहे. पण यांची फाइल म्हणजे दिवसभराच्या ओळींचा एकच सलग गट. दिवाणजी ओळ चाळीस बघत असताना तुम्ही खाली ओळ तीनशेमध्ये एक लांब नाव टाइप केलं की वरचे सगळे रकाने हलणार. बघणाऱ्याची ओळ चुकेल. शिवाय मध्येच कुणी टॅब न टाकता 'दुपारचा सौदा' असं शीर्षक लिहिलं तर गट तुटतो आणि वरचा तक्ता एका मापाचा, खालचा दुसऱ्या. हे कोडसाठी ठीक आहे, वीस-पंचवीस ओळींचा मामला असतो.

रेषाळ

गट तुटणं हा दोष नाही, मुद्दाम तसं आहे. दोन वेगळे तक्ते एकमेकांना ओढत बसू नयेत म्हणून. पण रकाने हलण्याचा मुद्दा मान्य.

कृष्णाकाठ

भडंगचं पटलं. आमचा रकाना हलायला नकोच. रोजची फाइल, तेच रकाने, त्याच रुंद्या. दिवाणजींच्या डोळ्यांना सवय झालेली असते की दर अमुक ठिकाणी असतो. म्हणून मला ठरलेली यादीच हवी. मागणीत इलॅस्टिकचा उल्लेख 'वेगळी गोष्ट, ही नव्हे' एवढाच करतो. नाहीतर चर्चा तिकडे वळेल आणि मूळ मागणी कठीण म्हणून बाजूला पडेल.

पण विचार करताना यादीतली एक मोठी खोच सापडली. तिच्यावर मतं हवीत.

आजच्या नियमानं टॅब म्हणजे 'आत्ता जिथे आहोत तिथून पुढचा थांबा'. समजा पहिला रकाना २४ चा आहे आणि एखादं नाव त्याहून लांब झालं, शेतकरी गटाचं नाव असलं की होतंच. ते नाव पहिला थांबा ओलांडून गेलेलं असतं. त्यानंतरचा टॅब मग दुसऱ्या थांब्यावर जाऊन बसतो. एसटी हुकली म्हणून पुढच्या स्टॉपवर उतरल्यासारखं. इथवरही ठीक, पण मग त्या ओळीतलं सगळंच एक-एक रकाना पुढे जातं. गाव पोत्यांच्या खाली, पोती वजनाच्या खाली, वजन दराच्या खाली. वेडावाकडा तक्ता परवडला, निदान तो चुकलाय हे कळतं. हा सरळ दिसतो आणि चुकीचा असतो. ज्या दिवाणजींसाठी हे सगळं चाललंय त्यांची नजर नेमकी इथे फसणार.

शून्यावकाश, व्हिममध्येही असंच होतं ना?

शून्यावकाश

हो. तिथे 'पुढचा थांबा' हाच नियम आहे.

अजिंक्यतारा

मग मागणीत वेगळा नियम लिहा: ओळीतला पहिला टॅब नेहमी पहिल्या रकान्याचा शेवट, तिसरा टॅब तिसऱ्याचा. टॅबची जागा त्याच्या क्रमांकावरून ठरावी, आत्ता आपण कुठे आहोत त्यावरून नाही. नाव लांब झालं तर त्या टॅबला किमान एक स्पेसएवढी जागा द्यायची आणि पुढचा टॅब आपल्या ठरलेल्या जागी परत यायचा प्रयत्न करेल. लांब नावाच्या ओळीत गाव जरा उजवीकडे सरकेल, पण पोती, वजन, दर आपापल्या रकान्यात राहतील.

कृष्णाकाठ

नेमकं हेच. आणि शक्य असेल तर ओलांडलेली नोंद जराशी रंगीत दिसावी. पण ते पुढच्या फेरीत मागतो, एका मागणीत एकच गोष्ट बरी.

टंकनताई

आकडे उजवीकडून जुळवायचं विसरलात. ९.५० आणि १२०.७५ डावीकडून लावले तर दिवाणजींना नजरेनं बेरीज कशी करता येईल?

क्यूटी_कारागीर

ताईंचा मुद्दा मागायला सोपा आहे, कारण तयार आहे. संपादक ज्या ग्रंथालयांवर (तयार कोडच्या संचांवर, उदा. क्यूटी, जीटीके) उभे असतात त्यांच्यात हे सगळं पडून आहे. क्यूटीच्या 'क्यूटेक्स्टऑप्शन'मध्ये टॅबची यादी देता येते आणि प्रत्येक टॅब डावा, उजवा, मधला की एखाद्या चिन्हापाशी जुळणारा ते सांगता येतं. चिन्ह म्हणून दशांशबिंदू द्या, झालं. जीटीकेच्या बाजूला पँगोमध्ये 'टॅबअ‍ॅरे' आहे, उजवा आणि दशांश टॅब १.५० आवृत्तीपासून चालतात. विंडोजच्या साध्या मजकूर-पेटीलासुद्धा 'ईएम सेटटॅबस्टॉप्स' हा संदेश पाठवून असमान थांबे देता येतात. या तिन्हींत चिन्हं मोजत नाहीत, ओळीवरचं अंतर धरतात.

म्हणून मागणीत 'नवीन रंगवण्याची पद्धत लिहा' असं वाटू देऊ नका. तुमचा संपादक कशावर बांधलाय ते आधी बघा आणि त्या सोयीचं नाव घेऊन लिहा. बांधणाऱ्याला समोर काम किती आहे ते दिसलं की उत्तर लवकर येतं. एक इशारा: क्रमांकावरून जागा ठरवायचा तुमचा नियम मात्र या ग्रंथालयांत आयता नाही, तिथेही 'पुढचा थांबा'च आहे. त्यासाठी त्यांना ओळीनिहाय थोडं काम करावं लागेल. म्हणून दोन टप्पे करा. पहिला यादी, दुसरा क्रमांकाचा नियम.

कंदीपेढा

साठवायचं कुठे ते राहिलंच की. पहिल्या ओळीत लिहिलं तर यांची पायथन स्क्रिप्ट ती ओळ शेतकरी समजून पट्टी छापेल.

कृष्णाकाठ

हा हा, आणि वसुलीलाही जाईल. नाही, फाइलमध्ये काहीच लिहायचं नाही. फाइलच्या नावाच्या शेपटीवरून (एक्स्टेन्शनवरून) सेटिंग मिळालं तरी आमचं भागतं, आमच्या सगळ्या सौदा-फाइलींची शेपटी एकच आहे.

सुधारलेला मसुदा:

"आमच्या फाइली टॅबनं विभागलेल्या आणि देवनागरीत आहेत. रकाने असमान रुंदीचे आहेत. टॅब-रुंदीच्या सेटिंगमध्ये एका आकड्याऐवजी आकड्यांची यादी स्वीकारावी. आकडे रुंदीचे असावेत, जागांचे नव्हेत. एकक म्हणून चालू फॉन्टमधल्या स्पेसची रुंदी धरावी, पण थांबा कुठे पडतो ते प्रत्यक्ष रंगवलेल्या मजकुराच्या अंतरावरून ठरावं, चिन्हांच्या संख्येवरून नाही. देवनागरीत चिन्हांची संख्या आणि रुंदी यांचा मेळ नसतो. म्हैसाळ आणि कवलापूर ही दोन नावं चाचणीसाठी सोबत आहेत: दोन्हींत सात चिन्हं, दिसायला तीन आणि पाच अक्षरं. यादी फाइलच्या प्रकारानुसार ठेवता यावी. फाइलमधला मजकूर बदलू नये. एकच आकडा दिला तर आजच्यासारखंच चालावं. पुढचा टप्पा म्हणून: टॅबचा थांबा ओळीतल्या त्याच्या क्रमांकावरून ठरवण्याचा पर्याय, म्हणजे एक नोंद लांब झाली तरी पुढचे रकाने सरकणार नाहीत. उजवा आणि दशांश टॅब आल्यास आनंदच, पण ही मागणी त्यांच्यावर अडलेली नाही."

शून्यावकाश

उत्तम. 'एकच आकडा दिला तर आजच्यासारखंच' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर जुने वापरकर्ते अंगावर येतात.

रेषाळ

माझ्या इलॅस्टिकला एका ओळीचीही जागा नाही? बरं, माझं मत तुमच्याच बाजूनं.

बायनरी_भडंग

मागणी टाकली की दुवा द्या, सगळे जाऊन +१ करतो.

क्यूटी_कारागीर

नुसते +१ नकोत. पन्नास अंगठ्यांपेक्षा वेगळ्या वापराची दोन उदाहरणं जास्त कामाची. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्याचं कुणी लिहू शकेल, कुणी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीचं. बांधणाऱ्याला कळू दे की हे एका अडत दुकानाचं खूळ नाही.

आणि चाचणीची फाइल सोबत जोडाच. तिच्यात एक जोडाक्षरांनी भरलेलं नाव, एक रिकामा रकाना म्हणजे लागोपाठ दोन टॅब, २४ च्या पलीकडे जाणारं एक नाव, आणि टॅब नसलेली एक ओळ. खऱ्या शेतकऱ्यांची नावं आणि वजनं काढून टाका, ती फाइल सगळ्या जगाला दिसणार आहे.

कृष्णाकाठ

गावांची नावं खरी ठेवतो, बाकी सगळं बनावट. रिकाम्या रकान्याचं डोक्यात नव्हतं. तोलाई बऱ्याचदा रिकामी असते. आज रात्री फाइल बनवून मागणी टाकतो आणि दुवा इथेच देतो.

टंकनताई

जोडाक्षरांसाठी नाव हवं असेल तर आमच्या सरावाच्या पुस्तकातली ओळ पाठवते. मुलं ती ओळ बघूनच उठून जातात.